कन्सोलवरचा भोईर

काशिनाथ गणपत भोईर या कर्मचाऱ्याविषयी आमच्या कार्यालयाच्या दप्तरातली शेवटची नोंद चार ओळींची आहे. त्या चार ओळींत एकच गोष्ट वादातीत आहे, ती म्हणजे त्याची जन्मतारीख. आणि तीसुद्धा शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने टाकलेली. बाकीचे असत्य आहे. हा शब्द मी विचार करून वापरतो. ‘चूक’ म्हणता आले असते, ‘गैरसमज’ म्हणता आले असते. कार्यालयाला ते दोन्ही शब्द आवडतात. पण ज्यांनी त्या ओळी लिहिल्या त्यांना सत्य ठाऊक होते. म्हणून असत्य.

त्यांतला एक शब्द बदलून मिळावा यासाठी मी दहा वर्षे पत्रव्यवहार केला. आता भोईर हयात नाही. जे कोणत्याही अर्जाच्या नमुन्यात बसले नाही, ते इथे लिहून ठेवतो.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात भिवंडीत यंत्रमागांच्या एका गल्लीत, गोदामाच्या वरच्या मजल्यावर, आमचे संगणक केंद्र होते. मी तिथे आस्थापना विभागाचा हेडक्लार्क. केंद्राचे नाव देत नाही, कारण आज तिथे बसलेल्या माणसांचा यात दोष नाही. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीने टाकून दिलेले एक अवाढव्य यंत्र जहाजाने आणून तिथे उभे केले होते. यंत्र एकच, पण त्याच्या पोटात आठ यंत्रे असल्याचा आभास निर्माण करण्याची सोय त्यात होती. ज्या ज्या खात्याचे काम आमच्याकडे असे, त्याला असे एकेक आभासी यंत्र नेमून दिलेले. त्या खात्याच्या माणसाला वाटे, हे सबंध यंत्र आपले एकट्याचे. प्रत्यक्षात टेप वाचणारी यंत्रे दोन, प्रिंटर एक आणि डिस्का मोजक्याच. यांतले काय कोणत्या आभासी यंत्राला केव्हा जोडायचे आणि केव्हा सोडवून घ्यायचे, हे ठरवून तशी आज्ञा टाइप करणे, हे कन्सोलवर बसणाऱ्या भोईरचे काम. कन्सोल म्हणजे पडदाही नव्हे. टंकलेखन यंत्रासारखी वस्तू; टाइप केलेली प्रत्येक आज्ञा आणि यंत्राने दिलेले प्रत्येक उत्तर लांबलचक कागदाच्या गुंडाळीवर उमटत जाई.

केंद्र पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना आमचे केंद्रप्रमुख यावर अर्धा तास व्याख्यान देत. पाहुणे माना डोलवत आणि जाता जाता हळूच भोईरला विचारत, “म्हणजे नक्की काय हो?”

भोईर म्हणे, “चाळ हाय ही. भाडेकरू आठ, नळ एक. जो तो बोलतो, घर माजा. पन नळ मी सोडतो.”

तो कशेळीच्या अलीकडच्या एका खाडीकाठच्या गावचा. गावाचे नावही मी मुद्दाम गाळतो. बाप भातशेती करी आणि भरतीच्या वेळा पाहून जाळे टाकी. आयटीआय करून विजेच्या कामावर लागलेला हा मुलगा केंद्रात वातानुकूलन यंत्र दुरुस्त करायला आला आणि तिथलाच झाला. इंग्रजी त्याला कामापुरते येई. आज्ञांचे जाडजूड पुस्तक मात्र त्याने वर्षभरात असे वाचले होते की कोणती आज्ञा कोणत्या पानावर, हे त्याला पान न उलटता सांगता येई. तरीही स्मरणावर विसंबून त्याने कधी एक आज्ञा टाइप केली नाही. पुस्तक उघडी, ओळीवर बोट ठेवी, दोन बोटांनी टाइप करी, आणि कळ दाबण्यापूर्वी टाइप केलेले मोठ्याने वाची. खोलीत कोणी असो वा नसो. नवे लोक हसत. त्याच्या कानावर ते पडे आणि तो पुन्हा एकदा वाची.

भिंतीला भिंत लागून माग होते. दिवसभर फरशी थरथरे, आणि कापसाचा तंतू खिडक्यांच्या फटींतून येऊन हवा गाळणाऱ्या जाळ्यांवर गोधडीसारखा बसे. ती जाळी धुणे शिपायाचे काम. भोईर ते कोणाला करू देत नसे. एकदा जाळी झटकत तो खाली उतरला आणि शेजारच्या मुकादमाला म्हणाला, “मुकादम, तुम्हारा रुई हमारे मशीन के फेफड़े में जाता है.”

मुकादम विडी विझवत म्हणाला, “अरे भोईर, हमारे फेफड़े में तो बचपन से जा रहा है. उसकी जाली कौन धोएगा?”

त्या दिवशी त्याने जेवणाचा डबा उघडला नाही. एवढ्याशा बोलण्याचे इतके मनाला लावून घेणारा माणूस कार्यालयात टिकत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

जोडणे आणि सोडवणे या बाबतीत तो कोणाची पत्रास ठेवत नसे. केंद्रप्रमुखांना प्रिंटर स्वतःच्या आभासी यंत्राला जोडून ठेवण्याची सवय होती. वापर नसे, पण हवा तेव्हा हाताशी असावा. एके दिवशी शाळांच्या निकालपत्रकांची छपाई तुंबली असताना भोईरने प्रिंटर सोडवून शिक्षण खात्याला दिला. केंद्रप्रमुख तणतणत आले.

“कोणाला विचारून सोडवलास?”

“सकालपासून तुमच्या दावनीला बांधलाय, साहेब. नांगर न्हाय, गाडी न्हाय. बैल नुसता उभा.”

छपाईसाठी थांबलेल्या मुली तोंडाला पदर लावून हसल्या. केंद्रप्रमुख हसले नाहीत. असे हसू कार्यालयात विसरले जात नाही. ते फायलीच्या मागच्या बाजूला टाचून ठेवले जाते.

त्याच्या एका नियमाविषयी मात्र नीट सांगायला हवे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. कोणी डिस्क मागितली की भोईरचा पहिला प्रश्न ठरलेला: “लिवनार का वाचनार?” वाचायची असेल तर पाचजणांनाही एकदम जोडून देई. लिहायची असेल तर एकालाच. त्याने डिस्क सोडल्याखेरीज दुसऱ्याला नाही. हा त्याचा हट्ट नव्हता. प्रत्येक आभासी यंत्र डिस्कवरच्या अनुक्रमणिकेची नक्कल आपल्यापाशी ठेवी आणि काम करता करता ती परत डिस्कवर उमटवी. दोघे एकाच वेळी लिहू लागले, तर दुसऱ्याची अनुक्रमणिका पहिल्याच्या अनुक्रमणिकेवर जाऊन बसे, आणि मग डिस्कवर काय कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नसे. यंत्र आपण होऊन दुसऱ्याला लिहू देत नसे. पण ‘तरीही दे’ असे बजावणारी एक आज्ञा त्यात होती. पुस्तकातल्या त्या पानाचा कोपरा भोईरने दुमडून ठेवला होता. खूण म्हणून नव्हे. चुकून उघडू नये म्हणून.

खाडीकाठच्या गावांच्या जमिनी एका रस्त्यासाठी गेल्या होत्या. बदल्यात ज्या घरांना भूखंड द्यायचे, त्यांची यादी तयार करण्याचे काम आमच्याकडे आले. अकरा गावे. भोईरचे गाव त्यांत अखेरचे. अर्ज नोंदले जाताच, जागा नाही या कारणाने, ते रद्दीत काढण्याचा फतवा केंद्रप्रमुखांनी काढला होता. मी त्यावर लेखी हरकत नोंदवली होती. तिचे उत्तर आले नाही.

यादी सुपूर्द करायच्या दिवशी दुपारी दोन गट काम करत होते: एक नवी नावे घालणारा, एक जुन्या नावांतल्या चुका दुरुस्त करणारा. दोघांना तीच डिस्क लिहायला हवी. भोईरने पाळी लावली. केंद्रप्रमुख कन्सोलपाशी आले. दोन्ही गट पलीकडच्या खोलीत होते; एका रजेच्या अर्जासाठी मी तेवढा दाराशी उभा होतो. पुढचे संभाषण मी या कानांनी ऐकले आहे.

“दोघांनाही लिहायला दे.”

“डिस्क जाईल, साहेब.”

“काही जात नाही. पुस्तकात सोय आहे की नाही?”

“हाय. पन ती वापराची न्हाय.”

“भोईर, यादी आज गेली पाहिजे. दे.”

“लिवून द्या, साहेब.”

“मी इथे उभा आहे ना? की मीसुद्धा आभासी आहे?”

भोईरने माझ्याकडे पाहिले. हे मी विसरलेलो नाही. मग त्याने पुस्तक उघडले, दुमडलेला कोपरा सरळ केला, आणि आज्ञेआधी एक ओळ टाइप केली. ओळीच्या आरंभी ताऱ्याचे चिन्ह टाकले की यंत्र ती ओळ आज्ञा मानत नसे. ती नुसती कागदावर उमटे. रोमन लिपीत त्याने लिहिले: साहेब सांगतात म्हणून. नंतर आज्ञा टाइप केली, दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या, आणि कळ दाबली.

चहाच्या वेळेपर्यंत यादी गेली होती.

आदल्या शनिवारी डिस्कवरून नक्कल करून ठेवलेली टेप होती. तिच्यावरून दहा गावे परत मिळाली. भोईरच्या गावची नावे त्या शनिवारनंतर घातलेली. अर्ज रद्दीत गेलेले. त्या फेरीत त्या गावाचे नाव गेलेच नाही. शेजारच्या गावांना सडकेलगतचे भूखंड मिळाले. या गावाला ‘पुढील टप्प्यात विचार होईल’ असे उत्तर मिळाले.

मग चौकशी. बांधाच्या हद्दीवरून भोईरचा भाऊबंदांशी वाद चालू होता, ही गोष्ट केंद्रप्रमुखांना ठाऊक होती. आरोपपत्रात त्यांनी ‘निष्काळजीपणा’ लिहिला नाही. ‘हेतुपुरस्सर’ असे लिहिले. भोईरने वैरापोटी स्वतःच्याच गावाची यादी पुसली, असा त्याचा अर्थ. ते आरोपपत्र गावात कसे पोचले, हे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून लिहीत नाही. पोचले एवढे खरे. दुसऱ्या दिवसापासून भोईरच्या घरचे हळदीकुंकू बंद झाले. बाप जाळे घेऊन निघाला की वाटेतली माणसे तोंड फिरवू लागली.

तो माझ्याकडे आला तेव्हा नोकरीचे काही बोललाच नाही. म्हणाला, “अण्णा, कामावरून काढला तरी चालंल. पन मी मुद्दाम केला न्हाय, एवढा गावाला कलला पायजे. बाप हाय माजा तिथं.”

खात्यांतर्गत चौकशीत आरोपित कर्मचाऱ्याला बचावासाठी एक सहकारी घेता येतो. कार्यालयात नियमांचे पुस्तक माझ्याइतके कोणाला पाठ नव्हते. मी तत्काळ म्हणालो, “तुमचा बचाव मी करतो.” मला आनंद झाला होता, हेही नमूद करतो. वर्षानुवर्षे ज्यांना मी पत्रे लिहिली आणि ज्यांनी उत्तरे दिली नाहीत, त्यांना आता माझ्यासमोर बसून उत्तरे द्यावी लागणार होती. माझी सारी भिस्त कन्सोलच्या त्या कागदावर होती. तारा टाकलेली ओळ, पाठोपाठ आज्ञा, दोन्हींवर वेळ. एवढा कागद पुढे ठेवला की खटला संपला. त्याच दिवशी मी पत्र लिहून त्याची मागणी केली.

पहिल्या सुनावणीला उत्तर आले: सदर कागद इतर रद्दीसोबत निकाली काढण्यात आला आहे.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, “कागद नसेल तर मी साक्ष देतो. आज्ञा तोंडी दिली गेली तेव्हा मी दाराशी हजर होतो.”

चौकशी अधिकाऱ्याने चष्मा काढला. “आपण बचाव सहायक आहात. बचाव करणारा आणि साक्ष देणारा एकच असू शकत नाही. हे आपल्याला मी सांगावे?”

सांगण्याची गरज नव्हती. तो दंडक मला ठाऊक होता. बचाव स्वीकारला त्या क्षणीसुद्धा ठाऊक होता. बचाव सोडून साक्षीदार व्हायला तयार आहे, असे मी म्हणालो. ‘सोयीनुसार भूमिका बदलता येणार नाही’ असा शेरा पडला. आज्ञा ऐकणारी माणसे दोनच होती: एक आरोपित, दुसरा मी. त्या दुसऱ्याचे तोंड मी स्वतःच्या हाताने बंद केले होते.

मग भोईरला विचारले गेले.

“आज्ञा कोणी टाइप केली?”

“मी.”

“परिणाम काय होईल हे ठाऊक होते?”

मी मान हलवून नाही म्हणायला खुणावत होतो. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. “व्हता,” तो म्हणाला. “माज्याइतका कोनाला न्हवता.”

‘परिणामांची पूर्ण जाणीव असूनही, हेतुपुरस्सर.’ अशी ती ओळ तयार झाली. त्याला काढून टाकले. त्याची जागा घेणाऱ्याने आज्ञा मोठ्याने वाचण्याची पद्धत बंद केली. वेळ जातो म्हणे.

त्याच वर्षी त्याचा बाप गेला. खांदा द्यायला माणसे शेजारच्या गावातून आली. भोईर बायकोला घेऊन वज्रेश्वरीला तिच्या माहेरी राहायला गेला आणि गरम पाण्याच्या कुंडांच्या वाटेवर नारळ, फुले, पंचे असे दुकान मांडून बसला. मी पत्रे लिहीत राहिलो. संचालकांना, सचिवांना, आयुक्तांना, पुन्हा संचालकांना. ‘आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव पाठविला आहे.’ ‘आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे.’ एका पत्राला तर माझेच जुने पत्र उत्तर म्हणून आले. निवृत्त झालो, तरी लिहीत राहिलो. केंद्रातले यंत्र भंगारात गेले, केंद्रप्रमुख बढती घेऊन मुंबईला गेले, आणि नव्वदचे दशक संपता संपता एका नव्या अधिकाऱ्याने, बहुधा माझा पिच्छा सुटावा म्हणून, दोन ओळींचा आदेश काढला. ‘हेतुपुरस्सर’ऐवजी ‘अनवधानाने’ असे वाचावे.

ते अनवधानही नव्हते. पण मी तो कागद घेऊन भिवंडीहून बसने वज्रेश्वरीला गेलो.

भोईर पुरता पिकला होता. त्याने मला फळकुटावर बसवले, नारळ फोडून दिला, आणि आदेश मी वाचून दाखवीपर्यंत थांबला.

“यात गावाचा नाव हाय का?” त्याने विचारले.

“नाही. गावाचा उल्लेख करण्याचे कारण नाही.”

“मग गावाला कसा कलनार?”

मी म्हणालो, प्रमाणित प्रत काढून ग्रामपंचायतीला पाठवू. सोबत मी सविस्तर पत्र लिहितो.

“अण्णा, यादी पुन्हा झाली,” तो म्हणाला. “दोन वर्सं झाली. पंचांनी घर घर फिरून नावं दिली. आमचा घर सोडून. मी बगून आलोय. समदी हायत, आमी न्हाय.”

“हे सरळसरळ बेकायदा आहे! उद्याच आपण तहसीलदारांकडे...”

“तुमी लिवू नका आता.” त्याने माझ्या हातातला कागद घेतला, घडी घातली आणि परत माझ्या खिशात ठेवला. “तुमी या. माज्यासंगं गावात चला. साहेब काय बोलला ते तुमी ऐकलाय. तेवढा उभं राहून सांगा.”

गेलो. पुढच्या रविवारी. गावदेवीच्या पारावर पाच-सात माणसे होती. मध्ये धर्मातात्या, भोईरचा चुलता आणि गावचा जुना पंच. भोईर पाराखाली उभा राहिला. वर बस असे कोणी म्हटले नाही. मी सारे सांगितले, दाराशी उभा होतो तिथपासून. शब्द न शब्द. पहिल्यांदाच कोणी माझे बोलणे न तोडता ऐकले.

धर्मातात्या म्हणाले, “तुमी ऐकला व्हता?”

“हो.”

“मंग तवा का न्हाय बोललात?”

मी दंडक समजावून सांगितला. बचाव करणाऱ्याला साक्ष देता येत नाही. कागद मिळेल अशी खात्री होती. मी बोलत होतो आणि माझेच वाक्य मला फायलीतल्या वाक्यासारखे ऐकू येत होते.

“म्हंजे खरा ठाव असनारा मानूस तुमी एकलेच,” धर्मातात्या म्हणाले. “नी तुमी वकील झालात. कोनी सांगितला व्हता वकील व्हायला?”

 

“यादी तर गेली,” ते पुढे म्हणाले, आता भोईरकडे न बघता. “आता आमच्या हातात काय न्हाय. गनपत असता तर त्याला सांगितला असता.” गणपत म्हणजे भोईरचा बाप. एकेक जण उठला, पायताणे शोधून निघून गेला.

भोईर मला बांधापर्यंत पोचवायला आला. मी माफी मागणार होतो. शब्द मनात नीट जुळवून ठेवले होते. त्याने मला बोलू दिले नाही. “तुमी आलात,” एवढेच म्हणाला. “व्हा पुढं. भिवंडीची गाडी येल आता. मी येतो मागनं.”

बांधावरून मी मागे पाहिले. त्याचे घर दिसत होते. दाराला कुलूप, ओटीवर कोणीतरी वाळत घातलेली जाळी. ती त्याने उचलून नीट बाजूला ठेवली आणि पायरीवर बसला. वाटेने एक बाई मासळीची टोपली डोक्यावर घेऊन येत होती. त्याला पाहून ती थांबली, आणि वाट सोडून पलीकडच्या शेतातून, चिखल तुडवीत, वळसा घालून गेली. भोईर ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे पाहत होता.